फेकण्याआधी एकदा दाखवा

रविवार, १ मार्च

राउटरने आज पुन्हा दगा दिला. तोही ऐन बोलण्याच्या भरात.

लेकीचा दर रविवारी सकाळी फोन येतो, चेहरा दिसणारा. टॅब साखरेच्या डब्याला टेकवायचा, त्याच्यासमोर मधोमध मी बसायचं आणि सोफ्याच्या टोकाला, बटणांच्या बोर्डाजवळ, मांडीवर निवडण-टिपण घेऊन ही. राउटर हिच्या डोक्यावरच्या फळीवर. ठकू लग्न होऊन परगावी गेल्यापासून ही बैठक ठरलेली आहे.

आज तिच्या मागे पंखा वाजत होता. कट्... कट्... कट्. मी म्हटलं, "ठकूबाई, तुझ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

"असेल, बाबा."

"असेल काय, गेलंय. जावईबापूंना सांग, वरून तेल सोडत बसू नका. पंखा टाकूही नका. बेअरिंग बसवलं की पुन्हा नव्यासारखा. आहेत कुठे ते? गेल्या खेपेलाही दिसले नाहीत."

ती तोंड उघडणार तेवढ्यात 'खट्' असा बारीक आवाज झाला आणि चित्र थिजलं. ठकूचं तोंड अर्धं उघडं, डोळे भलतीकडे. मग सगळंच गेलं. थोड्या वेळाने तिचा नेहमीचा दोन शब्दांचा निरोप आला : पुढच्या रविवारी.

तो 'खट्' दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. पण माझं उभं आयुष्य स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावण्यात गेलंय. माझं निदान : अडॅप्टरमध्ये काहीतरी सुटतंय.

मंगळवार, ३ मार्च

दुकानातून लवकर येऊन अडॅप्टर उघडला. आत जरा धूळ होती, ती पुसली. एक टाका संशयास्पद वाटला, त्याला कथलाचा डाग दिला. राउटरही उघडून फुंकर मारली. गरम होतो हे खरं. वय झालंय त्याचं.

ही म्हणाली, "कशाला त्याच्या मागे लागलाय? जुनं झालं की असंच चालायचं."

ऐकून मी गार. फ्रिज बदला म्हणून जी बाई दोन उन्हाळे माझं डोकं खातेय, तिला राउटरची एवढी दया!

"बरं, मग नवीनच आणू का?"

"काही नको. आहे तो चांगला आहे."

बायकोचं मन आणि ओलावलेली मोटार, दोन्हींचा भरवसा देता येत नाही. हे मोठ्याने म्हणालो नाही. ऐकायला तिसरं माणूस असतं तर म्हणालो असतो.

रविवार, ८ मार्च

सुरुवात चांगली झाली. ठकू हसली सुद्धा. मग मी तिला जळक्या मोटारीची गोष्ट सांगायला घेतली. माझ्या उस्तादांनी भंगारात टाकलेली मोटार मी घरी आणली, सगळी तार उकलली, नव्याने गुंडाळली आणि तिच्या जिवावर स्वतःचं दुकान उभं केलं, ती.

"बाबा, पाठ आहे मला."

"पाठ असून उपयोग काय, अंगी उतरायला हवी. आजकाल जरा खरखर झाली की लोक टाकून नवीन आणतात. आपल्या घरात तशी पद्धत नाही."

ठकू नुसतं "हं" म्हणाली. तेव्हा माझ्या कानाला दुसरीच गोष्ट जाणवली. खोली रिकामी वाजत होती. पडदे, कपाट, गालिचा काही नसलं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तसा. म्हटलं, "सामान हलवलंस का गं? घर घुमतंय तुझं."

खट्.

म्हणजे माझा डाग काही टिकला नाही. हिने शेंगा सोलता सोलता मान वर करून "गेलं वाटतं" एवढंच म्हटलं.

निरोप : पुढच्या रविवारी.

गुरुवार, १२ मार्च

इंटरनेटवाल्याला बोलावलं. पोरगेलासा आहे, पण तोंड चुरूचुरू चालतं. त्याने फोनवर काहीतरी उघडून बघितलं आणि म्हणाला, "काका, हा दमलाय. वेग घेत नाही, तापतो. पण तुम्ही म्हणताय तसा मध्येच मरत नाही हा. मध्येच याची वीज जाते."

"वीज कशी जाईल? घरातले दिवे चालू असतात."

"ते मला काय माहीत? कुणी बटण दाबल्यासारखी जाते, एवढं दिसतंय."

"आमच्याकडे भूत आहे म्हण की!"

तो हसला. ही आतून लगबगीने चहा घेऊन आली. "अहो, त्यांना आधी चहा तर घेऊ द्या. आणि जुनाच राहू दे हो दादा. आमचं काम भागतं त्याच्यावर."

जाताना त्याने दारात मला सांगितलं, "नवीन घ्या. आणि वीज हलतेय असं वाटत असेल तर सोबत छोटी बॅटरी घ्या. मग बटण बंद झालं तरी हा चालूच राहील."

पटलं. पण दुकानाच्या पाटीवर मीच रंगवून घेतलंय : 'फेकण्याआधी एकदा दाखवा'. ती पाटी लावणाऱ्याने फळीवरचं यंत्र उचलून टाकायचं, हे मनाला लागतं. ठकूला सासरी पाठवताना मी जावयाला म्हणालो होतो, "बिघडली तर टाकू नका हो, आम्हाला दाखवा." सगळा मांडव हसला होता. व्याही तर अजून आठवण काढतात.

रविवार, १५ मार्च

हा आजार रविवारचाच आहे. शाळेच्या दिवशी पोराच्या पोटात दुखतं, तसा. मुद्दाम फोनच्या आधी तासभर गाणी लावून बघितली, एकदाही अडखळला नाही. ठकूचा फोन आला, हवापाण्याचं बोलणं झालं, हिने भाजीची चौकशी केली, सगळं सुरळीत. मी "दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं" एवढं म्हणतोय, तोच ठकू म्हणाली, "बाबा, आवाज तुटतोय."

मला तर तिचा आवाज खणखणीत येत होता. मागचा पंखासुद्धा.

"माझ्याकडे चांगला येतोय. तर मी काय म्हणत होतो..."

खट्.

ही उठून आत गेली. डोळे चोळत होती. कांदा चिरत नव्हती, मटार सोलत होती. वय झालं की डोळ्यांना पाणी येतं, डॉक्टरांना दाखवायला हवं.

शनिवार, २१ मार्च

घेतला. शेवटी घेतलाच. ही बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात जोडूनही टाकला. बॅटरीचा डबा फळीच्या मागे लपवला, म्हणजे वायरींचा पसारा दिसायला नको. जुना राउटर टाकवेना. पिशवीत घालून दुकानात नेला आणि गल्ल्याच्या वरच्या फळीवर ठेवला. मिस्त्रीने विचारलं, "शेठ, हा कशाला? इथे काय मोटारींना इंटरनेट द्यायचंय?"

"राहू दे रे. कधी उघडून बघू."

"तुम्ही टाकलात कसा पण? तुम्ही?"

दिवसभर माणसं हेच विचारत होती. मला जरा लाजल्यासारखं झालं आणि जरा हलकंही वाटलं. उद्या ठकूला सांगेन. तिला मौज वाटेल.

रविवार, २२ मार्च

हे लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

काच पुसल्यासारखा चेहरा दिसत होता तिचा. एवढा स्वच्छ की डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. म्हटलं, "बघ, कसा आहे! नवीन घेतला."

"नवीन? तुम्ही?"

"मी. जुन्याला डाग दिला, धूळ झाडली, सगळं केलं. पण काही गोष्टी नाही होत दुरुस्त. ओढत बसण्यात अर्थ नसतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. हिच्या हातातलं निवडणं थांबलं.

"बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

"मग कोण, शेजारी?"

"मग मलाही तुम्हाला काही सांगायचंय. आईला माहीत आहे." तिने श्वास घेतला, तोही ऐकू आला. "मी घर सोडलंय, बाबा. एकटी राहते. परत जाणार नाही."

माझ्या जिभेला हाड नाही. कुणी काही म्हणालं की तिच्यावर उत्तर तयार असतं, त्याच्यावर मी दुकान चालवलं, माणसं जोडली. तेच आलं. मी हसून म्हणालो, "अगं, फेकण्याआधी एकदा दाखवायचं तरी!"

खट्.

चित्र गेलं नाही. ठकू समोर तशीच होती, हलत होती, श्वास घेत होती. खट्, खट्. दोनदा. फळीवरचे हिरवे दिवे ढिम्म. मनात आलं, वा, बॅटरीने काम केलं. देवा, त्या घटकेलाही माझ्या मनात हेच आलं.

ठकू म्हणाली, "दाखवलं होतं, बाबा."

"काय?"

"गेल्या वर्षी आले होते तेव्हा. तुमच्या दुकानात येऊन बसले. तुम्ही काहीतरी गुंडाळत होतात. मी म्हटलं, मला तिथे राहवत नाही. तुम्ही वर न बघता म्हणालात, थोडं तेलपाणी कर, चालेल."

मला आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. ती आलेली आठवते, स्टुलावर बसलेली आठवते, चहा मागवला तोही आठवतो. हे आठवत नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काय म्हणालीस? ठकू, आवाज तुटतोय."

"नाही, बाबा. आज अजिबात तुटत नाहीये."

आणि तिने ठेवला.

आवाज तुटत नव्हता. मला माहीत होतं.

निरोप आला नाही.

सोमवार, २३ मार्च

दुकानात गेलो. कामं झाली.

शुक्रवार, २७ मार्च

एका बाईने पंखा आणला. मिस्त्रीने टेबलावर लावून फिरवला. कट्... कट्... कट्. तोच आवाज. मी हातातलं टाकून उठलो.

ठकूच्या लग्नानंतर तिच्या घरातले पंखे मी स्वतः जाऊन बसवले होते. त्यांतला एकही तसा वाजणं शक्य नाही, माझ्या हातचे आहेत. मग मी रविवारी ऐकत होतो तो कुणाचा पंखा? भाड्याच्या खोलीतला, दुसऱ्याच्या घरातला. तो आवाज पहिल्याच दिवशी सगळं सांगत होता. रिकाम्या भिंतीही सांगत होत्या. आणि मी जावईबापूंना बेअरिंगचा निरोप देत होतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, बेअरिंगच ना?"

"तू बघ," म्हटलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

रविवार, २९ मार्च

फोन नाही. आम्ही दोघं बैठक मांडून बसलो होतो. साखरेचा डबा, टॅब, हिच्या मांडीवर रिकामी परात. निवडायला काहीच नव्हतं, तरी घेतली होती.

मीच बोललो. "तो खट् तू करत होतीस?"

"मग काय राउटर करत होता?"

"केव्हापासून?"

"एकदा खरंच गेलं होतं. तुम्ही तिला काहीबाही ऐकवत होतात आणि ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात ते बंद पडलं. मला वाटलं, सुटली बिचारी. मग पुढच्या वेळी नाही पडलं, तर मी पाडलं."

"आणि मी अडॅप्टर उघडत बसलो."

"तुमचा एवढा तिखट कान. घरातल्या बाईचा हात नाही ओळखू आला?"

मी विचारलं, मला कुणी का सांगितलं नाही. ही चिडेल असं वाटलं होतं. ही परातीत बघतच म्हणाली,

"ती दर रविवारी ठरवून यायची हो, आज बाबांना सांगते म्हणून. आणि तुम्ही मोटारीची गोष्ट काढायचात. मग तिचा धीर सुटायचा. मला ते दिसायचं. तुमच्यावर राग धरून तिने फोनच बंद केला असता. म्हणून म्हटलं, दोष राउटरवर जाऊ दे. तो काही मनाला लावून घेत नाही." मग थोड्या वेळाने, "मी दाबत होते त्या दिवशी. सारखी दाबत होते. ती बॅटरी कुठून आणलीत?"

मला दुकानात हुशार म्हणतात.

रविवार, ५ एप्रिल

ठकू आता आईच्या साध्या फोनवर बोलते. ही स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते. लोटलेल्या दारातून मला शब्द न् शब्द ऐकू येतो. आज मी रेडिओ लावला आणि आवाज वाढवला. या कानांचा मला कायम गर्व वाटत आला. आज वाटलं, त्यांना झाकण असतं तर बरं झालं असतं.

तरी एक वाक्य आलंच. ही म्हणत होती, "नाही गं, रागावलेले नाहीत. त्यांना बोलता येत नाही."

मला बोलता येत नाही! गावभर जाऊन सांगितलं तर लोक हसतील.

गुरुवार, ९ एप्रिल

पाटी रंगवणारा आला होता. अक्षरं उन्हाने उडालीत. "खालची ओळ तीच ना, शेठ?" तो ब्रश घेऊन ताटकळला. मग म्हटलं, "तीच." मोटारींच्या बाबतीत ती खरी आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर फळीच्या मागचा बॅटरीचा डबा काढला. राउटर थेट भिंतीतल्या बटणावर जोडला, आधीसारखा. हिला बोलावून दाखवलं. "दाबून बघ."

तिने दाबलं. खट्. दिवे विझले. पुन्हा दाबलं, लागले.

"चाललं?" मी विचारलं.

"चाललं."

रविवार, २६ एप्रिल

फोन नाही. मीच करावा असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा आधी काय बोलायचं ते ठरवायला बसलो. जे सुचलं ते सगळं चुरचुरीत होतं. एकही वाक्य तिला सांगण्याजोगं नव्हतं. टॅब उचलून ठेवला.

रविवार, ३ मे

आज आला. टॅबवर आला, पण चेहरा बंद ठेवून. काळ्या चौकोनात नुसता आवाज.

"आई आहे का?"

"आहे. इथेच आहे, बटणापाशी," मी म्हणालो. ही माझ्याकडे बघून घाबरली. तिकडे बारीक काहीतरी झालं. हसू होतं की काय, मला ओळखता आलं नाही.

आईशी बोलली. नोकरीचं, पाण्याच्या वेळांचं, शेजारच्या मावशींचं. मी मधोमध बसून गप्प. असा गप्प मी आयुष्यात बसलेलो नाही. ती "बाबा काय करताहेत" असं विचारेल म्हणून वाट बघितली. तिने नाही विचारलं. बोलणं संपत आलंय असं वाटलं तेव्हा म्हणालो, "ठकू, तू दाखवलं होतंस."

टॅब जरा जवळ ओढला.

"दुकानात आली होतीस तेव्हा. मला अजून आठवत नाही. पण तू म्हणतेस म्हणजे दाखवलं होतंस. मी उघडून बघितलं नाही."

हे बोलताना माझा अर्धा कान उजवीकडे होता. खट् झालं नाही. हिचा हात मांडीवरच होता.

तेव्हा लक्षात आलं की तिच्याकडे पूर्ण शांतता आहे. कट् कट् नाही. मला राहवलं नाही.

"पंखा वाजत नाही आज."

"बदलला."

बेअरिंग, की पंखा? कुणाकडून? जुना कुठे टाकला? सगळं ओठांवर आलं. हिचा हात बोर्डाकडे निघालाही होता.

"बरं केलंस," मी म्हणालो.

हात परत खाली गेला.

"चला, ठेवते," ठकू म्हणाली. आणि ठेवला.

मी टॅब समोरच ठेवून बसलो. ही उठून आत गेली, भांड्यांचा आवाज सुरू झाला, जेवायची हाक आली. निरोप आला नाही. फळीवरचे दिवे सगळे हिरवे आहेत. लाइन अगदी स्वच्छ होती. 'पुढच्या रविवारी' असं ती म्हणाली असती, तर मला ऐकू आलं असतं.